चिकटवहीतील कागदाची बैठक
(आगरदांडा परिसरातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेच्या कपाटात बहुधा एखादी तरी चिकटवही असते. तीत वर्तमानपत्रांतील चित्रे, पक्ष्यांची पिसे, वाळलेली पाने, एस. टी.ची तिकिटे असे बरेच काही मुलांनी हौसेने डकवलेले असते. आगरदांड्यासारख्या खाडीकाठच्या गावी ही वही जून महिन्यात मोठ्या उत्साहाने सुरू होते. दसऱ्याच्या सुमारास ती उघडून पाहावी, तो पाने एकमेकांस चिकटलेली, चित्रांवर बुरशीचे करडे ठिपके पडलेले आणि कडा कसरीने कुरतडलेल्या. मुलाचा उत्साह तेथेच मावळतो. यात दोष मुलाचा नसतो. खाऱ्या, दमट हवेलाही सारा दोष देता येणार नाही. वस्तू वहीत कशी बसवावी, हे त्यास कोणी दाखवलेले नसते.

चित्र किंवा पान वहीच्या कागदावर थेट न चिकटवता त्याखाली त्याहून थोडा मोठा रंगीत कागद घालावयाचा, आणि त्याखाली आणखी थोडा मोठा, दुसऱ्या रंगाचा. एवढाच हा प्रकार आहे. परदेशांत स्मरणवह्या आणि शुभेच्छापत्रे हाताने सजवणारी हौशी मंडळी असे थर फार आवडीने रचतात, व त्यासाठी कापून ठेवलेले कागद दुकानांत तयारही मिळतात. या थरांस 'बैठक' म्हटले तर मुलांस ते चटकन समजेल; देवाची मूर्ती पाटावर आणि पाट चौरंगावर ठेवलेला त्यांनी पाहिलेला असतो.

ही कला परकी मानण्याचे कारण नाही. मोगल दरबारातील चित्रसंग्रहांत एकेक चित्र कापून मोठ्या कागदावर बसवीत व त्याभोवती वेलबुट्टीचे हाशिये लावीत. लघुचित्रे ज्यावर रंगवीत ती 'वसली' म्हणजे तरी काय? खळीने एकावर एक चिकटवलेले आणि घोटून गुळगुळीत केलेले कागदाचे थर. आपल्या गावांतून गणपतीची मखरे आणि मोहरमचे ताबूत करणाऱ्या हातांनाही रंगीत कागदाखाली रंगीत कागद घालण्याची विद्या अवगत आहे. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून या हातांची किंमत पुन्हा थोडी वाढली आहे. असा एखादा कारागीर गावात असेल, तर त्यास एक दिवस वर्गात बोलवावे. त्याची कात्री मुलांनी जवळून पाहावी.

आता प्रत्यक्ष काम. समजा, चौथीतील एका मुलीजवळ १० सेंटिमीटर लांब व ६ सेंटिमीटर रुंद असे चित्र आहे. त्याच्या चारी बाजूंस अर्धा सेंटिमीटर कड दिसावी, असा कागद तिला कापावयाचा आहे. ती बहुधा साडेदहा व साडेसहा असे माप घेईल आणि चित्र वर ठेवल्यावर कड दोनच बाजूंस दिसते, किंवा चारी बाजूंस फार बारीक दिसते, हे पाहून बुचकळ्यात पडेल. तिला तसे पडू द्यावे. शिक्षकाने 'चुकलेस' असे लगेच सांगू नये. कड डावीकडेही आहे आणि उजवीकडेही आहे, म्हणून अर्धा दोनदा मिळवावयाचा, हे तिचे तिला कळले की ते जन्मभर विसरले जात नाही. मग कागद ११ गुणिले ७ असा येतो. त्याखालच्या कागदाची कड एक सेंटिमीटर ठेवावयाची, तर तो १३ गुणिले ९. येथून क्षेत्रफळाचा पाठ सहज निघतो. वरच्या कागदाचे क्षेत्रफळ ७७ चौरस सेंटिमीटर, त्यातील ६० चित्राखाली झाकले गेले, डोळ्यांना दिसले अवघे १७. खालच्या कागदाचे ११७, त्यातील ७७ झाकले गेले, दिसले ४०.

हे आकडे फळ्यावर मांडले म्हणजे वर्गातील एखादा काटकसरी मुलगा विचारतोच, की जे दिसत नाही त्यासाठी इतका कागद का घालवावा? प्रश्न रास्त आहे. तळाच्या कागदाच्या मधोमध ९ गुणिले ५ चा तुकडा कापून काढला, तरी वरचा कागद चिकटण्यास चारी बाजूंस एकेक सेंटिमीटर जागा उरते व वरून काहीच कळत नाही. आणि तो निघालेला तुकडा ८ गुणिले ४ च्या दुसऱ्या चित्राला नेमकी अर्ध्या सेंटिमीटरची बैठक होतो. ज्या शाळेत घोटीव कागदाचे एक भेंडोळे वर्षभर पुरवावे लागते, तेथे ही युक्ती सोन्याच्या मोलाची आहे.

तळाच्या थराची खालची कड इतर तिहींपेक्षा किंचित रुंद ठेवावी. चारी कडा तंतोतंत सारख्या असल्या, तर चित्र खाली घसरल्याचा भास होतो. रंगांविषयी फार बोलावयास नको. दोन पुरेत, व त्यातील एक फिका असावा. कडांना नक्षीदार कातरणे, चमकी लावणे इत्यादी गोष्टी मुले आपण होऊन करतात.

कागद वाकडा का होतो, याकडे मात्र पुष्कळ शिक्षकांचे लक्ष गेलेले नसते. गिरणीत तयार झालेल्या कागदातील बहुतेक तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने पडलेले असतात. ओल लागली म्हणजे कागद तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक फुगतो, उभ्या दिशेने कमी. म्हणून एका थराचे तंतू उभे आणि दुसऱ्याचे आडवे असले, तर दोन्ही एकमेकांस ओढतात व वाळताना बैठक पापडासारखी वळते. दिशा ओळखण्यास उपकरण लागत नाही. कागदाचा चौकोनी तुकडा घेऊन एका अंगास ओले बोट फिरवावे. तो गुंडाळला जातो, आणि त्या नळीची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला तंतू. सर्व थरांची दिशा एक ठेवावी. हातकागदात हा भेद फारसा नसतो. १९४० साली पुण्यास हातकागद संस्था सुरू झाली. हातकागदाची एखादी बारकी पट्टी आणि शाळेतील साधा कागद ही दोन्ही मुलांनी ओली करून पाहिली, तर विज्ञानाचा एक तास सार्थकी लागेल.

खळ ही या कामातील सर्वांत नाजूक बाब होय. मैदा एक भाग, पाणी सुमारे पाच भाग. मैदा आधी थोड्या गार पाण्यात गाठी मोडून कालवावा, मग उरलेले पाणी घालून मंद आंचेवर सारखे ढवळावे. खळ पारदर्शक दिसू लागली की उतरावी व फडक्यातून गाळावी. बुरशी व कसर यांपासून रक्षण म्हणून जुने बांधणीकार तीत मोरचूद घालीत. मोरचूद विषारी आहे. ज्या वाटीत मुलांची बोटे जातात, तीत ते कदापि असू नये. त्याऐवजी रोजची खळ रोज करावी, उरलेली टाकून द्यावी आणि ती अगदी पातळ लावावी. मुलांची समजूत अशी असते की जितकी जास्त खळ तितके घट्ट. वस्तुतः जास्त खळ म्हणजे जास्त ओल, आणि ओल म्हणजे बुरशी. चिकटवलेली बैठक दोन कोऱ्या कागदांत घालून पाटीखाली दडपावी, कागद दुसऱ्या दिवशी बदलावे. पूर्ण वाळल्याशिवाय ती वहीत घालू नये. जुलैमध्ये यास तीन-चार दिवस लागले तरी लागू द्यावेत.

पानांना तर खळ लावूच नये. ती जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवावी, पहिले काही दिवस कागद रोज बदलावे, आणि मग कागदाच्या बारीक पट्ट्यांनी देठापाशी व मध्यशिरेवर बैठकीस धरून ठेवावी. वनस्पतिसंग्रहालयांत हीच रीत चालते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील संग्रहालयास ज्यांचे नाव आहे, त्या फादर ब्लॅटर यांनी मुंबई इलाख्यातील खारफुटीचाही अभ्यास केला होता. आगरदांड्याच्या मुलांना तीच झाडे खाडीच्या चिखलात रोज दिसतात. तिवराचे पान जाड असते, त्यास वाळण्यास अधिक दिवस द्यावे. नारळाच्या झावळीच्या बुडाशी जी तपकिरी जाळी येते, ती तर निसर्गाने विणलेली बैठकच आहे. ती धुऊन, वाळवून, पिवळ्या कागदावर घातली म्हणजे विकतच्या कोणत्याही नक्षीस हार जात नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि मुरूड-श्रीवर्धन भागांतील नारळी-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. त्यानंतर शाळेत आलेल्या मुलांस वादळापूर्वीचे आगर केवळ ऐकून ठाऊक आहे. घराघरांत त्या आगराची छायाचित्रे असतात: लग्नातली, बारशातली, मागे पोफळींची रांग दिसणारी. शाळेच्या चिकटवहीसाठी मुले ती मागून आणतात, आणि येथे फार मोठी जोखीम असते. घरातील तेवढे एकच छायाचित्र असू शकते. ते खळीने चिकटवले की आजीच्या हाती परत जाईल ते फाटूनच. अशा छायाचित्रास खळीचा थेंबही लागू नये. बैठकीवर चार कोपऱ्यांना कागदाच्या त्रिकोणी घड्या चिकटवाव्या, त्या पुऱ्या वाळू द्याव्या व मग छायाचित्राची टोके त्यांत अलगद सरकवावी. हवे तेव्हा ते काढून देता येते. मुलास हे करावयास लावण्यापूर्वी घरच्यांची परवानगी घ्यावी, आणि शक्य तर छायाचित्राची प्रत काढून तीच वापरावी.

तपासणीचा दिवस जवळ आला म्हणजे काही शाळांत कात्री शिक्षकाच्या हाती जाते. पाने सरळ होतात, कडा देखण्या दिसतात, आणि मूल शेजारी उभे राहून नुसते पाहते. ती वही शिक्षकाची झाली. दोन मिलिमीटर कललेली, पण मुलीने स्वतः मोजून कापलेली बैठक पाहणाऱ्या अधिकाऱ्यासही खरे काय ते सांगते.

थरांमुळे वही कडेकडे फुगते व शिवण उसवते. त्यासाठी वही शिवतानाच दर दोन पानांमध्ये पाठीशी दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची कागदाची पट्टी घालावी. म्हणजे पाठ आणि कडा यांची जाडी सारखी राहते. पावसाळ्यात वही भिंतीला टेकवून ठेवू नये. उघाड मिळेल तेव्हा पाने मोकळी करून सावलीत वाऱ्यावर धरावी. आणि प्रत्येक बैठकीच्या मागे, ती चिकटवण्यापूर्वीच, वस्तू कोठे मिळाली, कोणत्या दिवशी, आणि कोणी आणली, हे मुलाकडून लिहून घ्यावे. लिहावयाचे ते शिसपेन्सिलीने, कारण खाडीच्या हवेत शाई फुटते.