शब्दांना जागा द्या



ज्या घरी एक बरा मायक्रोफोन आणि एक संगणक आहे, त्या घरी अभंग, गवळणी, भीमगीते आणि भावगीते यांचे ध्वनिमुद्रण आता आपल्या छत्रपती संभाजीनगरातही सर्रास होऊ लागले आहे. आणि ज्या कामासाठी पूर्वी मुंबई-पुण्याच्या स्टुडिओची पायरी चढावी लागे, ते काम सिडकोतल्या एखाद्या लहानशा खोलीत पार पडावे, यासारखी आनंदाची वार्ता दुसरी नाही. परंतु ही मुद्रणे ऐकताना एक गोष्ट मनाला सारखी सलते. गळा सुरेल असतो, ठेका चोख असतो, हार्मोनियमची साथ गोड असते, आणि इतके सारे असूनही कवीने काय म्हटले आहे याचा उलगडा शेवटच्या कडव्यापर्यंत होत नाही.

अशा वेळी जो तो एकच तोड सुचवतो, की गायकाचा आवाज जरा वाढवा. माझे आजचे सारे म्हणणे या एका सल्ल्याविरुद्ध आहे. गायकाचा आवाज वाढवू नका, त्याच्याभोवतीची जागा मोकळी करा.

पंगतीचे पान डोळ्यांपुढे आणा. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्यभागी भात, अशी प्रत्येकाची जागा मुक्रर असते. आणि पानाचा आकारही ठरलेला असतो. संगणकावरच्या मुद्रणात शून्य डेसिबलची जी मर्यादा आहे, तीच या पानाची कड. तिच्यापलीकडे काही गेले की आवाज फाटतो. आता आमटी द्रोणात न वाढता थेट पानावर ओतली, तर ती भाताखाली शिरते, कोशिंबिरीत मिसळते, चटणी वाहून नेते. आणि भात दिसेनासा झाला म्हणून यजमानाने आणखी भात वाढला, तर तोही आमटीत बुडतो आणि पान मात्र ओसंडू लागते. तेथे इलाज अधिक भाताचा नव्हे, द्रोणाचा आहे. आपल्या घरगुती मुद्रणांतली ही आमटी म्हणजे बहुतेक वेळा हार्मोनियम.

परदेशी पुस्तकांत गिटार आणि पियानो यांच्याविषयी पुष्कळ लिहिलेले असते. पण आपली अडचण त्यांहून निराळी आहे. आपला साथीदार गायकाच्या मागोमाग, त्याच सप्तकात, नेमके तेच स्वर वाजवतो. स्वर तोच असल्यामुळे त्याचे उपस्वरही त्याच कंपनसंख्यांवर येतात, आणि पत्तीचा नाद अखंड व ठाम असल्यामुळे त्याखाली शब्दातली नाजूक व्यंजने झाकली जातात. आकाशवाणीने 1940 पासून कित्येक वर्षे हार्मोनियमला बंदी केली होती, ती श्रुती आणि मींड यांच्या कारणास्तव. ती बंदी पुढे उठली हे योग्यच झाले, आणि मी तिचा पुरस्कार करण्यास येथे आलेलो नाही. माझी विनंती एवढीच, की गायक ओळ म्हणत असताना पेटीवाल्याने हात आखडता घ्यावा, जोडपत्तीऐवजी एकच पत्ती वाजवावी, आणि ओळ संपल्यावर जे काय रंगवायचे ते खुशाल रंगवावे. पैठणच्या नाथषष्ठीला ज्यांनी कीर्तन ऐकले असेल त्यांना हे नवे नाही. अभंगाच्या चरणाला टाळ-मृदंगाचा गजर होतो, आणि बुवांचे निरूपण सुरू झाले की तेच टाळ आपोआप थांबतात.

आता तपशिलाकडे वळतो. मराठी बोलण्यातली स्वरांची ताकद मुख्यतः 1,000 हर्ट्झच्या खाली असते. पण 'वात' कोणती आणि 'वाट' कोणती, हा निवाडा साधारण 2,000 ते 4,000 हर्ट्झच्या पट्ट्यात होतो, आणि मानवी कानही तेथेच सर्वाधिक तीक्ष्ण असतो. म्हणून ईक्यू उघडताच गायकाच्या ट्रॅकवर हात टाकू नका. आधी हार्मोनियमच्या ट्रॅकवर त्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल कमी करा. तानपुऱ्याच्या जवारीचे उपस्वरही तेथपर्यंत पसरतात, तेव्हा तोही थोडा उतरवा. तूप भातावर हवे, पानभर नव्हे. डग्ग्याची घुमक गायकाच्या छातीच्या स्वराला भिडत असेल, तर 200 ते 400 हर्ट्झच्या आसपास कोणी तरी एकाने माघार घ्यावी. एवढे झाल्यावर गायकाच्या आवाजाला हात लावा, आणि तोही प्रथम काढून टाकण्यासाठीच: पुरुषाचा आवाज असेल तर सुमारे 80 हर्ट्झच्या खालचे सर्व छाटा, म्हणजे पंख्याची घरघर आणि जालना रोडवरच्या मालमोटारींची गुरगुर परस्पर निकालात निघेल.

हार्मोनियम एका कानाला आणि तबला दुसऱ्या कानाला ठेवला म्हणजे जागा झाली, असे पुष्कळांना वाटते. हेडफोनवर ते खरेही असते. परंतु आपले गाणे ऐकले जाते ते बहुधा भ्रमणध्वनीच्या एका इवल्या कर्ण्यावर, आणि तेथे डावे-उजवे एकत्र होऊन सारी मंडळी पुन्हा गायकाच्या डोक्यावर येऊन बसतात. म्हणून पुन्हा सांगतो, जागा कंपनसंख्येत करा, आणि त्याआधी वादनात करा.

याला पुरावा हवा असेल तर गीतरामायणाचा आहे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ती 56 गीते पुणे केंद्रावरून 1955 च्या रामनवमीपासून वर्षभर प्रसारित झाली, ती मध्यम लहरींवर, जेथे सुमारे 5,000 हर्ट्झच्या वरचे फारसे काही श्रोत्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि तरीही त्या गीतांचे शब्द घरोघरी तोंडपाठ झाले. वाद्ये शब्दांची अदब राखत होती. आज आपल्यापाशी त्याहून कितीतरी विस्तृत पट्टा आहे आणि तो आपण भरून टाकतो.

आणखी एक बाब खास आपल्या भाषेची आहे, आणि तिच्याकडे मी कळकळीने लक्ष वेधतो. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते, आणि गायकाचा श्वास ओसरतो तोही ओळीच्या शेवटीच. परिणाम असा, की कर्ता ऐकू येतो, कर्म ऐकू येते, आणि केले काय ते मात्र बुडते. कॉम्प्रेसर तीनास एक या प्रमाणात लावला तर काही अंशी फरक पडतो; पण खरा उपाय म्हणजे ओळ-ओळ ऐकून फेडरच्या रेषेत त्या शेवटच्या शब्दापुरती दीड-दोन डेसिबलची भर घालणे. संबंध आवाज वाढवण्याच्या मी विरुद्ध आहे, एका बुडत्या क्रियापदाला हात देण्याच्या नाही.

रिव्हर्बविषयी थोडक्यात. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, विश्वकर्म्याच्या त्या कमानदार दगडी फासळ्यांखाली, एक लांबवलेला स्वर फार सुंदर घुमतो. पण तेथे कोणी भराभर बोलू लागला तर शब्दात शब्द मिसळतो. घरच्या गाण्याला तसली गुंफा जोडू नका. जोडायचीच तर प्रतिध्वनी तीस-चाळीस मिलिसेकंद उशिरा सुरू होईल अशी तजवीज ठेवा, म्हणजे शब्द आधी पोहोचेल आणि घुमारा मागून येईल.

आणि मुळात खोलीतच घुमारा असेल, तर पुढच्या दुरुस्त्या व्यर्थ होत. शहाबादी फरशी आणि वर सिमेंटची स्लॅब असलेल्या खोलीत गोधड्या टांगा, पण त्या मायक्रोफोनच्या मागे न टांगता गायकाच्या पाठीमागे टांगा, कारण मायक्रोफोनचे तोंड त्या भिंतीकडे असते. गायक वीतभर अंतरावर राहिला की पुरे. 'स' आणि 'श' यांच्या शिट्ट्यांविषयी, त्या 5,000 ते 8,000 हर्ट्झच्या पट्ट्यात कशा आवराव्यात आणि आवरता आवरता शब्द बोबडे कसे होतात, याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ होते. परंतु काटा पुढे सरकला आहे आणि तो विषय राहून जाणार.

म्हणून जाता जाता एवढेच. गाणे तयार झाले की घरातल्या अशा वडीलधाऱ्या माणसाला ते ऐकवा, ज्याने ते पूर्वी ऐकलेले नाही. भ्रमणध्वनीच्या कर्ण्यावर ऐकवा, आवाज लहान ठेवून ऐकवा, आणि कोणते शब्द कळले नाहीत ते त्यांना विचारून कागदावर उतरवून घ्या. ज्या ज्या शब्दावर ते अडतील, त्या त्या जागी हार्मोनियम उतरवा, आणि हे केल्याखेरीज ते गाणे कोणालाही पाठवू नका.