रोग कोणाचा, निर्णय कोणाचा?



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "ऐन वसंतात हे कसले अभद्र?" पण ज्या दुखण्याचे नाव घरोघरी दार लोटून घेतल्यावाचून निघत नाही, ते चारचौघांत घ्यायला याहून चांगली जागा कोणती? आम्ही वैद्य नव्हे. कर्करोग झालेल्या बाईचा नवरा, एवढाच आमचा अधिकार.

आमच्या कुटुंबाला स्तनात गाठ लागली. सुईने तुकडा काढून तपासायला दिला. अहवाल आणायला आम्ही एकटेच गेलो आणि तो कळताच डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हटले, "तिला यातले काही सांगू नका." यात माया होती, हे आम्ही आजही नाकारीत नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मग शस्त्रक्रियेच्या कागदावर सही कोण करणार?" रात्री धीर एकवटून बोलायला बसलो, तर तीच म्हणाली, "अहो, मला कळले आहे. जेवताना दोनदा मीठ मागून घेतलेत आणि दोन्ही वेळा ताटात तसेच ठेवलेत." आमच्या लपवालपवीने एवढेच साधले, की सबंध संध्याकाळ ती एकटी भ्याली.

मग निवडीचा प्रश्न आला. पूर्वी निवड नव्हतीच. अमेरिकेतील शस्त्रवैद्य हाल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथीही काढण्याची रीत घालून दिली, आणि पाऊणशे वर्षे तिचीच चलती होती. जितके अधिक कापावे तितका रोग दूर, असा समज! तो पारखून पाहिला अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी आणि इटलीत व्हेरोनेसी यांनी. दोघांचीही वीस वर्षांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. गाठ लवकर सापडलेली असेल, तर तेवढीच काढून वर किरणोपचार घेतलेल्या स्त्रिया आणि सबंध स्तन काढलेल्या स्त्रिया सारख्याच प्रमाणात जगल्या, असे तीत दिसले.

डॉक्टरांनी दोन्ही मार्ग पुढे ठेवले. विचाराला आठ दिवस घेतलेत तरी बिघडत नाही, म्हणाले. पहिले चार दिवस आम्ही 'सगळे काढून टाका' म्हणत होतो. मग थोडे वाचन झाले आणि नवशिक्याच्या जोमाने आम्ही उलट बाजूचे वकील झालो. मधेच मेहुणे आले ते तिसऱ्याच डॉक्टरांचे नाव घेऊन. शेजारून कसल्याशा पाल्याचा रस आला. आठव्या दिवशी ध्यानात आले, की या सगळ्या खलात तिला कोणी विचारलेच नव्हते!

विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मला पूर्ण काढायचा आहे. राहिलेल्या भागाकडे रोज संशयाने बघत मला जगायचे नाही." काखेतल्या ग्रंथींत रोग निघाला तर किरण तरीही घ्यावे लागतील, हे तिला ठाऊक होते. आम्हांस ते पटले नाही. खरे सांगायचे तर आजही पुरते पटलेले नाही. पण सही तिची होती.

नवऱ्याला काम उरत नाही असे मात्र समजू नका. डॉक्टर बोलतात त्यातले निम्मे रोग्याच्या कानात शिरत नाही; आम्ही वही धरली. जखमेतून नळी काढलेली असते. तिच्या डब्यातले पाणी रोज सकाळी मोजून त्याच वहीत लिहिले. हात वर जाईना, तेव्हा तिची वेणी घातली. (पहिल्या आठवड्यातली वेणी बघून ती पोट धरून हसली, आणि टाके दुखले म्हणून आम्हांलाच बोलली.)

हात मोकळा व्हावा म्हणून भिंतीवर बोटे चढवीत नेण्याचा व्यायाम असतो. बोटे पोचतील तिथे आम्ही रोज पेन्सिलीने रेघ ओढीत असू. गेल्या दिवाळीत घराला रंग द्यायचा ठरला, तेव्हा रंगाऱ्याला आम्ही सांगितले, तेवढी पट्टी सोड.

ती आतून म्हणाली, "कशाला? द्या रंग."

रंग दिला.