मालाचा कागद आणि लिहिणाऱ्याचे उत्तरदायित्व

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाहातील खर्च, वसतिगृहाचा निधी अशा विषयांवर विचार मांडले जातात. त्या मानाने माझा आजचा विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. धोकादायक मालाबरोबर मालमोटारीत जो कागद ठेवावा लागतो, त्यात होणाऱ्या कसुरीविषयी मी बोलणार आहे. हा विषय का निवडला, असे चिटणीसांनी विचारले, तेव्हा मी त्यांना एवढेच म्हणालो की, या सभागृहात बसलेली घरे मोजा. कोणाच्या स्वतःच्या दोन मालमोटारी आहेत. कोणाचा मुलगा तारापूरला किंवा महाडला कारखान्याच्या रवानगी खात्यात आहे. कोणाचे बंधू रात्रंदिवस गाडी चालवितात. तेव्हा हा विषय आपल्या उंबरठ्याच्या आतलाच आहे.

प्रथम हा कागद म्हणजे काय, ते पाहू. कराचे चलन आणि वाहतूकदाराची बिल्टी आपण सर्व जाणतो. त्यांत मालाची किंमत असते, वजन असते, घेणाऱ्याचे नाव असते. परंतु पिंप फुटले तर काय करावे, हे त्यांत नसते. ते सांगणारा कागद निराळा. आपल्याकडे त्याला ट्रेम कार्ड म्हणतात. मालाचे खरे रासायनिक नाव, त्याचा धोका कोणत्या प्रकारचा, गळती झाल्यास काय करावे, आग लागल्यास काय टाळावे, अंगावर उडाल्यास प्रथमोपचार कोणता आणि कोणास दूरध्वनी करावा, इतक्या गोष्टी त्यावर असतात. त्याच्या जोडीला संयुक्त राष्ट्रांचा चार आकडी क्रमांक असतो. पेट्रोलचा १२०३, अमोनियाचा १००५, क्लोरीनचा १०१७. या शिफारशी प्रथम १९५६ साली प्रसिद्ध झाल्या. आकड्याला भाषेची अडचण नाही, हा त्यातला मोठा गुण आहे. गुजरातेत भरलेली गाडी तामिळनाडूत उलटली, तरी तेथील अग्निशामक दलाच्या जवानाला तो आकडा वाचता येतो.

आपल्या देशात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ही जबाबदारी तिघांवर वाटून दिली आहे. माल पाठविणाऱ्याने त्या मालाची पूर्ण व पुरेशी माहिती गाडीमालकाला द्यावयाची. गाडीमालकाने ती माहिती खरी असल्याची खात्री करून घेऊन चालकाला लेखी द्यावयाची. चालकाने तो लेख आपल्या कक्षात, माल गाडीत असेपर्यंत सतत जवळ ठेवावयाचा. शिवाय गाडीवर तीन ठिकाणी ठळक अक्षरांत माहितीफलक लावावयाचा आणि अपघात होताच पोलिसांना कळवावयाचे. असा माल नेणाऱ्या चालकाने विशेष प्रशिक्षण घेतलेले असले पाहिजे, हाही नियमच आहे. येथे क्रम लक्षात घ्यावा. चालक हा शेवटचा आहे. पहिला आहे तो लेखणी हाती धरणारा.

आता एक गोष्ट सांगतो. ती दुसऱ्या कोणाची नसून माझ्याच दोषाची आहे. १९९४ साली कोकणातील एका कारखान्यात मी रवानगीचा कारकून होतो. पावसाळ्याचे दिवस होते. एका सायंकाळी क्लोरोसल्फॉनिक आम्लाची बारा पिंपे गाडीत चढली. हे आम्ल असे आहे की, पाणी लागताच खवळते आणि त्यातून गुदमरविणारा पांढरा धूर निघतो. त्याचा क्रमांक १७५४. मला तो तेव्हाही पाठ होता. पण खरे नाव लिहिले की वाहतूकदार जादा भाडे मागे आणि प्रशिक्षित चालकासाठी गाडी सकाळपर्यंत खोळंबे. वरिष्ठ म्हणाले, ‘नेहमीसारखे लिहा.’ मी लिहिले, ‘औद्योगिक रसायन, १२ पिंपे.’ खाली सही केली आणि घरी जाऊन जेवलो.

त्या रात्री घाटात गाडी कलंडली. दोन पिंपे फुटली. चालकाची शुद्ध हरपली होती. त्याच्या जोडीचा क्लीनर एकोणीस वर्षांचा होता, आणि सांगावयास संकोच वाटतो, पण तो आपल्याच ज्ञातीतला होता. खालच्या वाडीतील माणसे माणुसकीने धावत आली. धूर दिसला म्हणजे आग असणार, असे समजून त्यांनी बादल्यांनी पाणी ओतले. अग्निशामक दल आले, त्यांनी कागद मागितला, आणि त्यांच्या हाती माझे दोन शब्द पडले. कारखान्याचा दूरध्वनी रात्री कोणी उचलला नाही. ‘पाणी टाकू नये, कोरड्या मातीने झाकावे, वाऱ्याच्या वरच्या बाजूस राहावे,’ ही तीन वाक्ये त्या कागदावर असती, तर त्या मुलाचा डावा डोळा वाचला असता.

मी त्याला रुग्णालयात भेटावयास गेलो. कागद कोणी लिहिला, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने मला एवढेच विचारले, ‘काका, पिंपात काय होते हो?’ ज्या प्रश्नाचे उत्तर माझ्या सहीच्या वर असावयास हवे होते, तो प्रश्न मला खाटेजवळ उभे राहून ऐकावा लागला. पुढे चौकशी झाली, दंड झाला, तो मालकाने भरला. माझ्या सहीविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. म्हणून आज मीच काढीत आहे.

कोणी म्हणेल, हे आपल्याकडेच चालते. तसे नाही. ११ मे १९९६ रोजी अमेरिकेत व्हॅल्यूजेट कंपनीचे मायामीहून अटलांटाकडे निघालेले विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळून त्यातील ११० माणसे गेली. त्याच्या मालकक्षात प्राणवायू निर्माण करणारी रासायनिक नळकांडी होती आणि कागदावर ती रिकामी असल्याचे लिहिले होते. दाखला विमानाचा असला, तरी दोष कागदाचाच होता. त्याच देशात मालमोटारींसाठी जो नियम आहे, तो मात्र मननीय आहे. चालक आसनाचा पट्टा बांधून बसला असता कागद त्याच्या हाताच्या टप्प्यात हवा. तो गाडी सोडून गेला, तर कागद आसनावर किंवा त्याच्या बाजूच्या दाराच्या आतील कप्प्यात हवा. कारण उघड आहे. तो कागद खरोखरी चालकासाठी नसून चालक बोलू शकत नाही त्या वेळी दार उघडणाऱ्या परक्या माणसासाठी आहे. एका कागदावर साधा आणि धोक्याचा माल असा दोन्ही असेल, तर धोक्याचा माल आधी लिहावा किंवा वेगळा उठून दिसेल असा लिहावा. आणि दिलेला दूरध्वनी क्रमांक, माल वाटेत असेपर्यंत, उत्तर देणारा असावा.

आपल्याकडील नेहमीच्या कसुरी मी थोडक्यात सांगतो. खऱ्या नावाऐवजी व्यापारी नाव लिहिणे. मागच्या खेपेचा फलक तसाच ठेवून नवा माल भरणे. मग आग एकीची आणि उपाय दुसरीचा. रिकाम्या पिंपांना निरुपद्रवी समजणे. तळाशी राहिलेल्या मालाची वाफ भरलेल्या पिंपाइतकीच घातक ठरू शकते. आम्ल आणि सायनाइड यांसारखे परस्परांचे वैरी ‘किरकोळ माल’ या एका ओळीत बसविणे. ते एकत्र आले की प्राणघातक वायू निघतो. आणि ट्रेम कार्डाची जुनी, अस्पष्ट प्रत चालकाला न समजणाऱ्या भाषेत देणे. २०१८ पासून ई-वे बिल आले. ते नसले तर गाडी अडते, म्हणून सर्वजण ते जपतात. ट्रेम कार्ड नसले तर गाडी बहुधा पुढे जाते, म्हणून ते विसरतात. कर चुकला तर तो पुढे भरता येतो. डोळा गेला तर तो भरून येत नाही.

माझी आपणांस तीन विनवण्या आहेत. गाडीमालकांनी कागद वाचल्याशिवाय माल उचलू नये, मग भाडे गेले तरी चालेल. चालकबंधूंनी ‘पिंपात काय आहे?’ हे विचारावयास लाजू नये. तो त्यांचा हक्क आहे. आणि रवानगी खात्यात बसणाऱ्या आपल्या मुलामुलींनी, वरिष्ठ काहीही म्हणोत, खोट्या नावाखाली सही करू नये. अशा नकारामुळे कोणाची नोकरी गेली, तर संस्थेने त्या घराच्या पाठीशी उभे राहावे. त्यासाठी साहाय्यक निधीत माझ्या निवृत्तिवेतनातून दरमहा ठराविक रक्कम देण्याचे मी आज या सभेत वचन देतो.

तो मुलगा आज पन्नाशीचा आहे. तो समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. हे व्याख्यान देण्यापूर्वी मी त्याच्या घरी जाऊन सर्व सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘काका, सभेत सांगा.’ त्याच्या आज्ञेवरून सांगितले.