आधी नोंद, मग पैसे

तुम्ही काउंटरवर पैसे काढता तेव्हा कॅशियर आधी रक्कम खात्याला नावे टाकतो, मग नोटा मोजून देतो. हा क्रम उलटला तर? नोंद होण्याआधीच एखादा माणूस पुन्हा पुन्हा स्लिप पुढे करील.

जून २०१६ मध्ये असेच झाले. इथेरियम या ब्लॉकचेनवर 'द डाओ' नावाचा सामाईक निधी होता. तिथे मॅनेजर नव्हता, सगळे व्यवहार कोड करीत असे. तो कोड आधी पैसे पाठवायचा, शिल्लक नंतर कमी करायचा. ही फट हेरून कोणीतरी सुमारे ३६ लाख ईथर वळवले. ब्लॉकचेन फुटली नव्हती, चूक तिच्यावर चालणाऱ्या कोडमध्ये होती. पुढे ब्लॉकचेनचे नियम बदलून ते पैसे परत मिळवले गेले. असा मार्ग दरवेळी निघत नाही.

म्हणून असे अ‍ॅप कोणी सुचवले, तर तीन प्रश्न विचारा. कोड कोणी तपासला? तो बदलण्याचा अधिकार कोणाकडे? पैसे गेले तर दाद कुठे मागायची? बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. अशा अ‍ॅपमधल्या पैशाला तो नाही. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.