अथेन्सचे न्यायपंच

न्यायालय म्हटले की उच्चासनावर बसलेला, कायद्यात पारंगत असा न्यायाधीश डोळ्यांपुढे उभा राहतो. श्रोतेहो, प्राचीन अथेन्समध्ये असा कोणी नव्हता. व्यवस्था पाहणारा एक अधिकारी असे, इतकेच. अपराध ठरविणे आणि पुष्कळदा शिक्षा निवडणेही साध्या नागरिकांच्या हाती होते.

तीस वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांतून दरवर्षी ६,००० पंच चिठ्ठ्या टाकून निवडीत. स्त्रिया, गुलाम व परकीय रहिवासी यांना तेथे थारा नव्हता, हे मात्र विसरता कामा नये. एकेका खटल्यास २०१, ५०१, क्वचित त्याहूनही अधिक पंच बसत. पेरिक्लीसने त्यांना दैनिक भत्ता सुरू केला. पुढे तो ३ ओबोल झाला. रक्कम तुटपुंजीच, पण तिच्यामुळे गरिबालाही न्यायासनावर बसता आले.

लाचखोरांची वाट बंद करण्याची युक्ती तर मोठी नामी! इ. स. पूर्व चौथ्या शतकात प्रत्येक पंचाजवळ स्वतःच्या नावाची पट्टी असे. सकाळी या पट्ट्या एका शिळेच्या खाचांत ओळीने खोवीत आणि बाजूच्या नळीतून काळ्या-पांढऱ्या गोट्या सोडीत. पांढरी पडली की ती सबंध ओळ निवडली. काळी पडली की त्या ओळीने घरी जावे. कोणी कोणत्या न्यायालयात बसावे, हेही दैवावरच. मग लाच द्यावी ती कोणाला? मतासाठी प्रत्येकास काशाच्या दोन चकत्या मिळत. एकीचा आस भरीव, दुसरीचा पोकळ. टोके चिमटीत धरली म्हणजे शेजाऱ्यालाही मत कळत नसे. अशा चकत्या तेथील उत्खननात सापडल्या आहेत.

भाषणे जलघटिकेवर मोजीत, आणि खटला एका दिवसात संपे. पंचांनी आपसांत विचारविनिमय करावयाचा नाही, कारणे द्यावयाची नाहीत. निकालावर अपीलही नाही.

इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिस अशाच पंचांपुढे उभा राहिला. प्लेटोच्या वृत्तान्तानुसार अवघी ३० मते फिरती, तर तो सुटता. दोषी ठरल्यावर शिक्षेचा प्रश्न आला. फिर्यादींनी मृत्युदंड मागितला. सॉक्रेटिस म्हणाला, नगराने मला सरकारी खर्चाने जेवू घालावे! मित्रांच्या आग्रहाने मग त्याने ३० मिना दंड सुचविला. पुन्हा मते पडली. डायोजिनीस लेर्शियस हा पुढील काळातील चरित्रकार सांगतो की, या वेळी विरोधी मते ८० नी वाढली. हे खरे असेल, तर त्याला निर्दोष मानणाऱ्या काहींनीच थोड्या वेळाने त्याचा मृत्यू मागितला. का, ते त्यांना कोणी विचारले नाही. तशी तेथे रीतच नव्हती.