चोरीनंतरची वागणूक

चोरी ही मनुष्यास नवी गोष्ट नाहीं. दागिना जातो, पाकीट जातें, क्वचित् घरच फोडलें जातें. परंतु या सर्व चोऱ्यांत एक खूण सारखी असते: वस्तु गेली कीं तिची जागा रिकामी दिसते. आज ज्या चोरीविषयीं मी बोलणार आहें, तींत कांहींच रिकामें दिसत नाहीं. आपलें नांव, पत्ता, जन्मतारीख, बँकेच्या खात्याचा क्रमांक हें सर्व जेथल्या तेथेंच असतें. फक्त त्याची नक्कल परक्याच्या हातीं गेलेली असते. शिवाय ही चोरी आपल्या घरीं होत नाहीं. ज्या कंपनीच्या हवालीं आपण विश्वासानें ही माहिती केली, तिच्या कोठारांत ती होते. म्हणून चोरी झाली एवढें कळण्यासाठींसुद्धां आपल्याला त्या कंपनीच्याच तोंडाकडे पाहावें लागतें.

यामुळें अशा प्रसंगीं ग्राहक रागावतात, तो राग चोरावर फारसा नसतो. चोर कोण, हें त्यांना ठाऊकहि नसतें. राग असतो कोठारवाल्यावर. आणि तोहि चोरी झाली एवढ्यासाठीं नव्हे, तर चोरीनंतर तो कसा वागला यासाठीं. हें माझें म्हणणें दोन प्रकरणांवरून मी आपल्यापुढें मांडतों. एक ब्रिटनमधलें आहे, दुसरें अमेरिकेंतलें.

टॉकटॉक ही ब्रिटनमध्यें टेलिफोन व इंटरनेट पुरविणारी कंपनी. २०१५ च्या ऑक्टोबर महिन्यांत तिच्या संकेतस्थळावर हल्ला झाला. २१ तारखेला तो लक्षांत आला, आणि दुसऱ्याच दिवशीं कंपनीनें तो जाहीर केला. आपल्या चाळीस लाख ग्राहकांपैकीं कदाचित् सर्वांचीच माहिती गेली असेल, असेंहि तिनें सांगून टाकलें. मुख्य अधिकारी डायडो हार्डिंग यांनीं स्वतः दूरचित्रवाणीवर येऊन क्षमा मागितली. इतक्या तांतडीनें व इतक्या उघडपणें बोलणें ही चांगलीच गोष्ट होती. तरीहि लोक चिडले. कां चिडले?

हार्डिंगबाईंना विचारण्यांत आलें कीं, ही माहिती सांकेतिक रूपांत सुरक्षित ठेवलेली होती काय? त्यांनीं प्रांजळपणें उत्तर दिलें कीं, तें आपणांस माहीत नाहीं. आतां ‘माहीत नाहीं’ या उत्तराचे दोन प्रकार आहेत. चोर कोण, तो किती घेऊन गेला, हें पहिल्या दिवशीं माहीत नसणें क्षम्य आहे. पण आपल्या कोठाराला कुलूप होतें कीं नव्हतें, हें मालकास माहीत नसणें ही वेगळी गोष्ट झाली. ग्राहकांनीं हा भेद तात्काळ ओळखला. पुढें झालेल्या सरकारी चौकशीनें त्यांचा संशय खरा ठरविला. टॉकटॉकनें २००९ सालीं टिस्काली नांवाच्या कंपनीचा ब्रिटनमधील व्यवसाय विकत घेतला होता. त्याबरोबर आलेलीं कांहीं जुनीं पानें तशींच उघडीं राहिलीं होतीं. ज्या चौकटींत वाचकानें आपलें नांव किंवा क्रमांक लिहावयाचा, तींत नांवाऐवजीं माहितीच्या कोठारालाच एक हुकूम लिहावा आणि कोठारानें तो मुकाट्यानें पाळावा, असा हा हल्ल्याचा प्रकार. त्यावरचा उपाय कित्येक वर्षें सर्वांस ठाऊक होता. जुन्या प्रणालींतील एका दोषाची दुरुस्ती २०१२ पासून उपलब्ध होती, ती केलेली नव्हती. २०१५ च्याच जुलै व सप्टेंबर महिन्यांत याच पद्धतीचे दोन हल्ले होऊन गेले होते, तेहि कंपनीच्या ध्यानांत आले नव्हते. या प्रकरणांत पुढें न्यायालयासमोर गुन्हा कबूल करणाऱ्यांत एक सतरा वर्षांचा मुलगा होता.

अखेर प्रत्यक्ष माहिती गेली ती १,५६,९५९ ग्राहकांची. त्यांपैकीं १५,६५६ जणांच्या बँकखात्यांचे क्रमांकहि गेले. हा आंकडा पहिल्या भीतीच्या मानानें पुष्कळच लहान होता. पण मधल्या काळांत ग्राहकांच्या मनांत दुसराच प्रश्न उभा राहिला होता. ते म्हणत, ‘तुमच्यावरचा आमचा विश्वास उडाला, आम्हांला जाऊं द्या.’ कंपनीनें उत्तर दिलें कीं, मुदतीपूर्वीं करार मोडल्याची फी माफ होईल ती फक्त या हल्ल्यामुळें ज्यांच्या खात्यांतून खरोखर पैसे गेले असतील त्यांनाच. म्हणजे आधीं लुबाडले जा, तें आमच्यामुळेंच झालें हें पटवून द्या, मग फुकट जा! बाकीच्यांना कंपनीनें सदिच्छेची भेट म्हणून कांहीं जादा सेवा मोफत देऊं केली. ज्याला दुकानांतून बाहेर पडावयाचें आहे, त्याच्या हातांत त्याच दुकानांतली मिठाई ठेवण्यासारखें हें झालें. कुलूप न लावणारा मोकळा, आणि फी मात्र ग्राहकानें भरावयाची. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात तें याहून निराळें काय? त्या तिमाहींत कंपनीनें १ लाख १ हजार ग्राहक गमावले, आणि त्यांपैकीं ९५ हजार या हल्ल्यामुळेंच गेले, असें तिनेंच मान्य केलें. एकंदर नुकसान सहा कोटि पौंडांचें झालें. माहितीरक्षणाच्या सरकारी आयुक्तांनीं २०१६ च्या ऑक्टोबरांत केलेला दंड मात्र चार लाख पौंडांचा होता. माहिती गेलेल्या ग्राहकांमागें तो अडीच पौंडांच्या आसपास पडतो, आणि तोहि ग्राहकांच्या हातीं न पडतां सरकारी तिजोरींत जातो. म्हणजे कंपनीला जी खरी शिक्षा झाली, ती आयुक्तांनीं केली नाहीं. सोडून जाणाऱ्या ग्राहकांनीं केली.

पण ज्या ग्राहकाला सोडून जातांच येत नाहीं, त्यानें काय करावें? दुसरें प्रकरण नेमकें हेंच विचारतें. इक्विफॅक्स ही अमेरिकेंतील पतनोंदणी करणारी कंपनी. कोणी कर्ज किती घेतलें, वेळेवर फेडलें कीं नाहीं, याची नोंद ती ठेवते व सावकारांना विकते. ही माहिती सामान्य माणूस तिला स्वखुशीनें देत नाहीं; बँका व पेढ्या परस्पर देतात. २०१७ सालीं तिच्या कोठारांतून सुमारे चौदा कोटि सत्तर लक्ष अमेरिकनांची माहिती गेली. तींत जन्मतारखा होत्या, आणि तेथें जन्मभर सहसा बदलत नाहींत असे सामाजिक सुरक्षा क्रमांकहि होते. ज्या दोषामुळें चोर आंत शिरले, तो त्या वर्षींच्या मार्चमध्येंच जाहीर झाला होता व त्याची दुरुस्तीहि मिळत होती. चोरी कंपनीच्या लक्षांत आली २९ जुलैला. लोकांना सांगितली ७ सप्टेंबरला. मध्यें चाळीस दिवस गेले.

पुढचा प्रकार तर अधिकच विलक्षण आहे. आपली माहिती गेली काय, हें पाहण्यासाठीं कंपनीनें एक नवें संकेतस्थळ उघडलें, आणि तेथें लोकांकडे आडनांव व त्याच सुरक्षा क्रमांकाचे शेवटचे सहा आंकडे मागितले. जिनें हरवलें, तिच्याच हातीं पुन्हां द्यावयाचें! मोफत देऊं केलेल्या देखरेखीच्या अटींत, न्यायालयांत न जातां लवादाकडेच जावें, असें कलम निघालें. लोकांनीं गिल्ला केला तेव्हां तें काढण्यांत आलें. आपल्या नांवावर परक्यानें कर्ज काढूं नये म्हणून पतनोंद गोठवून ठेवावयाची, तर तिलाहि फी होती. तीहि ओरड झाल्यावरच माफ झाली. कंपनीच्या नोकरांनीं चौकशी करणाऱ्या कांहीं लोकांना तर चुकून एका बनावट संकेतस्थळाचाच पत्ता कळविला. तें संकेतस्थळ धोका दाखवून देण्यासाठीं एका सज्जनानेंच उभारलें होतें, म्हणून अनर्थ टळला.

२०१९ च्या जुलै महिन्यांत तडजोड झाली. ती सत्तर कोटि डॉलरपर्यंतची होती. ज्यांना देखरेख नको असेल, त्यांनीं रोख १२५ डॉलर घ्यावे, असेंहि त्यांत होतें. पण या रोख रकमेसाठीं बाजूला काढले होते ३ कोटि १० लक्ष डॉलर. हिशेब केला तर ते २ लक्ष ४८ हजार माणसांना पुरतात. माहिती गेलेली माणसें होतीं चौदा कोटि सत्तर लक्ष. मागणाऱ्यांची इतकी गर्दी झाली कीं, थोड्याच दिवसांत सरकारी खात्याला सांगावें लागलें कीं, बाबांनो, १२५ मिळणार नाहींत, देखरेखच पतकरा. टॉकटॉकचा ग्राहक निदान फी भरून तरी निघून गेला. येथें ‘मी तुमचा ग्राहक नाहीं’ असें म्हणण्याचीहि सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तथापि या ओरडीचें एक फळ मिळालें. कायदा बदलला, आणि २१ सप्टेंबर २०१८ पासून पतनोंद गोठविणें सर्व अमेरिकनांना विनामूल्य झालें.

कंपन्यांचीहि बाजू ऐकली पाहिजे. त्या म्हणतात, तपास पुरा होण्यापूर्वीं बोललें तर आंकडे चुकतात व लोक विनाकारण घाबरतात. टॉकटॉकच्या बाबतींत तसें झालेंहि. पण घाबरलेला मनुष्य आपलें खातें तपासतो, परवलीचा शब्द बदलतो, अनोळखी फोनवर विश्वास ठेवीत नाहीं. ती भीति फुकट जात नाहीं. चाळीस दिवसांनीं सांगितलेलें सत्य कितीहि बिनचूक असलें, तरी तें वरातीमागून आलेलें घोडें होय. कारण त्या चाळीस दिवसांत चोर मोकळा असतो आणि गृहस्थ बेसावध.

हा प्रश्न आतां आपल्या घराचाहि आहे. फोन, बँक, विमा, दवाखाना, मुलांची शाळा, सर्वत्र आपण आपली माहिती देऊन बसलों आहों. आपल्या देशांत २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती फुटली तर ती बाळगणाऱ्या संस्थेनें सरकारी मंडळाला, तसेंच ज्याची माहिती फुटली त्या प्रत्येक व्यक्तीला कळविलें पाहिजे, असें त्यांत आहे. न कळविल्यास दोनशें कोटि रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले, आणि मुख्य बंधनें पाळण्यास संस्थांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. परंतु हा दंडहि सरकारी तिजोरींत जमा व्हावयाचा आहे. ग्राहकाची भरपाई त्यांतून होत नाहीं. म्हणून आपलें काम कायद्यावर सोंपवून चालणार नाहीं.

असा प्रसंग आला तर कंपनीला चार प्रश्न स्पष्ट शब्दांत व लेखी विचारावे. तुम्हांला हें केव्हां कळलें? माझें नेमकें काय गेलें? त्याचा खर्च कोण सोसणार? आणि मला जावयाचें असेल तर वाट मोकळी आहे काय? उत्तर येईपर्यंत आणखी एक काळजी घ्यावी. कंपनीचा माणूस म्हणून जो फोन करील, त्याला आपलें नांव व खात्याचा क्रमांक ठाऊक आहे एवढ्यावरून तो खरा मानूं नये. चोरीला गेलें तें हेंच, आणि चोर तेंच आपल्याला वाचून दाखवील. फोन ठेवावा, जुन्या बिलावर किंवा पासबुकावर छापलेला क्रमांक काढावा, आणि आपण होऊन विचारावें. घरांतल्या वडील मंडळींना हें आजच सांगून ठेवावें. कारण अशा फोनाला सभ्यपणें शेवटपर्यंत उत्तर देण्याची संवय त्यांनाच अधिक असते.