धामणीचा तीरकामठा



धामण म्हटलं की आपल्याला साप आठवतो. पण धामण नावाचं झाडही आहे. ते सह्याद्रीच्या रानात वाढतं. त्याची फळं वाटाण्याएवढी असतात. पिकली की पोरं ती आवडीनं खातात.

या झाडाच्या लाकडात एक मोठा गुण आहे. ते वाकतं, पण चटकन मोडत नाही. सोडलं की पुन्हा सरळ होतं. म्हणून त्याचे कावडीचे आणि कुऱ्हाडीचे दांडे करतात. संस्कृतात या झाडाला ‘धनुर्वृक्ष’ म्हणतात. म्हणजे धनुष्याचं झाड!

भिल्ल बांधव बहुधा बांबूचा कामठा करतात. त्याची दोरीही बांबूच्या कामटीची असते. धामणीचा कामठा कसा करायचा, ते आता ऐका.

आपल्या उंचीएवढी सरळ फांदी घ्या. तिला गाठी नसाव्यात. साल काढा. दोन्ही टोकांना मेण लावा, म्हणजे चिरा पडत नाहीत. मग फांदी काही महिने सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवली तर ती तडकेल.

कामठ्याला पाठ असते आणि पोट असतं. आपल्याकडची बाजू ते पोट, पलीकडची ती पाठ. दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. पाठीवरचा तंतू तुटला, तर कामठा तिथंच मोडतो. म्हणून पाठीला हत्यार लावू नका. तासायचं ते पोटाकडून. मुठीशी जाड ठेवा, टोकांकडे निमुळतं करा.

थोडं तासा, थोडं वाकवून पाहा. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. एक बाजू ताठ राहिली, तर सगळा भार दुसरीवर पडतो. अशा वेळी ताठ बाजूच तासा. घाई करू नका. तासलेलं लाकूड परत चिकटत नाही.

बाण न लावता दोरी ओढून सोडू नका. त्यानं कामठा फुटतो. काम झालं की दोरी उतरवून ठेवा. माणसावर किंवा जनावरावर कधी नेम धरू नका. शिकारीला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे. परवानगीवाचून रानातलं झाडही तोडू नका. धामण आपल्या बांधावर लावावी, हे उत्तम.

मग कामठा कशाला? नेमबाजीला! २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले. त्यांची धनुष्यं कारखान्यात बनलेली होती. पण स्थिर हात आणि एकाग्र नजर कारखान्यात मिळत नाही. ती आपल्या पोरांनी लहानपणीच कमवावी.

गावात कामठा करणारे जाणते म्हातारे असतील, तर त्यांच्यापाशी बसा. लांबी किती, जाडी किती, दोरी कशाची, ते विचारा. त्यांची विद्या त्यांच्या हातात आहे, कागदावर नाही. हात थकले की ती जाईल. तुम्हाला आता लिहिता येतं. मग वही काढा आणि लिहून ठेवा.